विश्लेषण : जुन्या छाटणी करवतीचे वय कसे ओळखतात?

जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानात किंवा ऑनलाइन विक्रीच्या ॲपवर अधूनमधून वाकड्या पात्याची एखादी गंजलेली करवत दिसते. ‘दीडशे वर्षे जुनी, दुर्मीळ’ असा दावा सोबत असतो आणि त्यानुसार किंमतही लावलेली असते. पुरावा म्हणून पात्यावरचे किंवा वेष्टनावरचे एखादे जुने साल दाखवले जाते. प्रत्यक्षात ते साल बहुतेक वेळा कंपनीच्या स्थापनेचे असते, करवतीच्या निर्मितीचे नव्हे. शेफील्डची ‘स्पिअर अँड जॅक्सन’ ही कंपनी आपली स्थापना १७६० ची सांगते आणि हा आकडा तिच्या आजच्या मालाबरोबरही मिरवला जातो. मग करवतीचे खरे वय ठरवायचे कसे? कोणत्या खुणा भरवशाच्या आणि कोणत्या फसव्या? आणि करवत घासूनपुसून चकचकीत करण्याची घाई का करू नये?

छाटणी करवत वेगळी कशी?

सुताराची करवत वाळलेल्या, सपाट लाकडासाठी असते. छाटणी करवतीला जिवंत झाडाची ओली फांदी कापायची असते. ओल्या लाकडाचा भुसा चिकट असतो. तो दात्यांत अडकू नये म्हणून दाते मोठे आणि त्यांमधल्या खाचा खोल ठेवतात. दाते आलटून पालटून डावी-उजवीकडे जरा जास्त वाकवलेले असतात, त्यामुळे काप रुंद पडतो आणि पाते अडकत नाही. फांद्यांच्या बेचक्यात शिरावे म्हणून पाते टोकाकडे निमुळते होत जाते.

बऱ्याच छाटणी करवतींचे पाते विळ्यासारखे आत वळलेले असते आणि दाते मुठीच्या दिशेने झुकलेले असतात. अशी करवत ढकलताना नव्हे, तर ओढताना कापते. डोक्याच्या वरची फांदी कापताना ओढण्यात हाताला बळ मिळते आणि पातळ पाते वाकत नाही. दुसरा जुना प्रकार दुधारी करवतीचा. तिच्या एका कडेला बारीक आणि दुसऱ्या कडेला मोठे दाते असतात. बारीक दाते लहान व वाळक्या फांद्यांसाठी, मोठे दाते ओल्या व जाड फांद्यांसाठी. हिचा दोष असा की, एका कडेने फांदी कापताना दुसरी कड शेजारच्या फांदीची साल सोलते.

आकारावरून वय का कळत नाही?

कारण आकार फारसा बदललेलाच नाही. वक्र पात्याची, लाकडी मुठीची करवत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकली जात होती आणि तशाच घडणीची आजही विकली जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चिको या गावी १९२१ मध्ये सुरू झालेली ‘फॅनो सॉ वर्क्स’ वक्र छाटणी करवतींसाठीच ओळखली जाते आणि तिच्या जुन्या-नव्या करवती दुरून सारख्याच वाटतात. म्हणजे आकारावरून करवतीचा प्रकार कळतो, वय नाही. गंजावरूनही वयाचा अंदाज बांधू नये. कोकणातल्या दमट हवेत उघड्यावर राहिलेले पाते एका पावसाळ्यात गंजते, तर तेल लावून कोरड्या जागी ठेवलेले पाते शंभर वर्षांनंतरही चांगले असू शकते.

वय कळते ते पात्यावरची अक्षरे, मुठीवरचा बिल्ला, स्क्रू, पेटंटचे आकडे अशा बारीक गोष्टींवरून. या पद्धतीचे सर्वात स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकेतील फिलाडेल्फियाची ‘डिस्टन’ कंपनी.

पितळी बिल्ला काय सांगतो?

हेन्री डिस्टन यांचा जन्म १८१९ मध्ये इंग्लंडमधील ट्यूक्सबरी येथे झाला. १८३३ मध्ये ते अमेरिकेत आले आणि १८४० मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात करवतींचा व्यवसाय सुरू केला. १८५५ पासून ते पोलादही स्वतःच बनवू लागले. पुढे ही जगातील सर्वात मोठ्या करवत उत्पादकांपैकी एक कंपनी झाली. तिच्या चांगल्या हातकरवतींच्या मुठीवर, पाते जोडणाऱ्या स्क्रूंपैकी एकावर नाव कोरलेला पितळी बिल्ला असे. त्यावरची अक्षरे काळानुसार बदलत गेली आणि संग्राहकांनी त्या बदलांची कालक्रमणिका तयार केली आहे.

१८६५ मध्ये हेन्री यांचा थोरला मुलगा हॅमिल्टन भागीदार झाला, तेव्हा बिल्ल्यावर ‘डिस्टन अँड सन’ असे एकवचनी नाव आले. १८७१ मध्ये इतर मुलगेही आले आणि नाव ‘अँड सन्स’ झाले. म्हणजे इंग्रजी ‘सन’ या शब्दापुढे ‘एस’ नसेल, तर ती करवत १८६५ ते १८७१ या जेमतेम सहा वर्षांतली. ‘एस’ असेल तर त्यानंतरची. १९१७ च्या सुमारास बिल्ल्यावरून ‘अँड सन्स’ गेले आणि ‘डिस्टन यूएसए’ असा मजकूर आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळेची टंचाई होती, तेव्हा पितळेऐवजी इतर धातूही वापरले गेले. १९५५ मध्ये ‘एच. के. पोर्टर’ या कंपनीने डिस्टन विकत घेतली आणि पुढच्या मालावर पोर्टरचे नाव दिसू लागले.

येथे एक सापळा आहे. बिल्ल्यावरून ‘अँड सन्स’ गेले, तरी कंपनीचे अधिकृत नाव १९५५ पर्यंत ‘हेन्री डिस्टन अँड सन्स’ असेच होते. त्यामुळे पात्यावर हे पूर्ण नाव दिसले म्हणून करवत १९१७ आधीची ठरत नाही. बिल्ल्यावरचा मजकूर आणि पात्यावरचा मजकूर वेगवेगळा वाचावा लागतो.

बिल्ला नसेल किंवा त्यावर नाव नसेल तर?

छाटणी करवत हे बागेतले कष्टाचे, तुलनेने स्वस्त अवजार होते. अनेक करवतींना बिल्ला नसे. मूठ साध्या बीच लाकडाची असे आणि ती साध्या स्क्रूंनी किंवा रिव्हेटांनी पात्याला जोडलेली असे. अशा वेळी पाते पाहावे लागते. पात्यावर नाव दोन प्रकारे उमटवलेले असते. ठशाने ठोकलेली अक्षरे खोल असतात आणि टिकतात. आम्लाने कोरलेली नक्षी मात्र अगदी उथळ असते. ती गंजाखाली दडते, पण पूर्ण पुसली गेलेली असेलच असे नाही.

पात्यावरचा प्रत्येक शब्द उत्पादकाचा नसतो. ‘वॉरंटेड सुपीरिअर’ आणि गरुडाचे चित्र असलेला बिल्ला अनेकदा सापडतो. ते कंपनीचे नाव नाही, केवळ दर्जाची ग्वाही आहे. असे बिल्ले अनेक उत्पादक वापरत. ‘कास्ट स्टील’ या शब्दांचेही तसेच. शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करण्याची पद्धत बसवली. त्या पोलादाचे हे नाव. एकोणिसाव्या शतकात ते इतके प्रतिष्ठेचे होते की, इंग्रजच नव्हे तर अमेरिकी उत्पादकही ते छापत. ‘लंडन स्प्रिंग’ असे शब्द तर अमेरिकेत बनलेल्या करवतींवरही सापडतात. आयात मालाला भाव होता, म्हणून!

बोधचिन्हही एकटे पुरेसे नाही. स्वीडनच्या सँडविकचे ‘मासा आणि गळ’ हे चिन्ह १८८६ पासूनचे आहे आणि आजही ‘बाको’ या नावाच्या करवतींवर दिसते. मात्र चिन्हाशेजारचे नाव उपयोगी पडते. पुणेकरांना परिचित असलेल्या सँडविकने आपला करवती व हत्यारांचा व्यवसाय १९९९ मध्ये अमेरिकेच्या ‘स्नॅप-ऑन’ला विकला. त्यामुळे मासा, गळ आणि सोबत ‘सँडविक’ असे नाव असलेली करवत साधारणपणे त्याआधीची.

पेटंटची तारीख म्हणजे निर्मितीची तारीख?

नाही. पेटंटची तारीख एवढेच सांगते की, करवत त्या दिवसाच्या आधीची असू शकत नाही. त्यानंतर ती किती वर्षांनी बनली, हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेत पेटंटची मुदत दीर्घकाळ १७ वर्षे होती आणि मुदत संपल्यावरही जुने साचे, जुने ठसे वापरात राहत.

पेटंट छापण्याची पद्धत मात्र स्वतंत्र पुरावा देते. अमेरिकेत १९२७ च्या कायद्याने वस्तूवर पेटंटच्या तारखेऐवजी क्रमांक देणे आवश्यक केले. त्यामुळे फक्त तारीख असलेली अमेरिकी करवत बहुधा १९२७ च्या आधीची किंवा निदान त्या काळातल्या ठशाने छापलेली. क्रमांक असेल तर काम आणखी सोपे. अमेरिकेचे १० लाखावे पेटंट ऑगस्ट १९११ मध्ये, २० लाखावे एप्रिल १९३५ मध्ये, ३० लाखावे सप्टेंबर १९६१ मध्ये आणि ४० लाखावे डिसेंबर १९७६ मध्ये दिले गेले. हे चार टप्पे लक्षात ठेवले तरी पात्यावरचा क्रमांक कोणत्या काळात बसतो, ते लगेच कळते. पेटंटची मूळ कागदपत्रे आणि आकृत्या इंटरनेटवर मोफत पाहता येतात. जर्मन मालावर ‘डी.आर.जी.एम.’ अशी अक्षरे असतात. ती १८९१ मध्ये सुरू झालेल्या नोंदणी पद्धतीची, म्हणजे वस्तू त्याआधीची नाही.

देशाच्या नावावरून काय कळते?

ब्रिटनने १८८७ मध्ये ‘मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट’ केला. परदेशी, विशेषतः जर्मन माल इंग्रजी वाटावा अशा खुणांनी विकला जातो, ही त्यामागची तक्रार होती. ब्रिटिश हिंदुस्थानातही १८८९ मध्ये असाच कायदा झाला. अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानुसार १८९१ पासून आयात मालावर उगम देशाचे नाव सक्तीचे झाले. त्यामुळे नुसते ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे नाव असेल, तर साधारणपणे १८९० नंतरचा काळ धरतात. ‘मेड इन इंग्लंड’ अशी पूर्ण शब्दरचना विसाव्या शतकात रुळली. मात्र देशाचे नाव नाही म्हणून करवत १८९० आधीची, असा उलटा निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्याच देशात विकायच्या मालावर असे नाव घालण्याची गरज नसे. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर काळ १९४९ ते १९९० आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची मोजकी वर्षे, हे मात्र बरेच नेमके सांगता येते.

स्क्रू, मूठ आणि दाते यांची साक्ष कशी वाचायची?

मुठीचे स्क्रू नीट पाहावेत. जुन्या करवतींवर पितळी नटाला आडवी चीर असे आणि तो लाकडाच्या पातळीत बसवलेला असे. अमेरिकेत १८८० च्या दशकानंतर ही पद्धत मागे पडली आणि घुमटीसारख्या डोक्याचे स्क्रू आले. इंग्लंडमध्ये मात्र चिरेचे नट पुढेही बराच काळ चालले. त्यामुळे ही खूण देश माहीत असेल तरच उपयोगाची. अधिक चिन्हासारखी खाच असलेला, आपण ‘स्टार’ म्हणतो तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यांत वापरात आला. तो जुन्या करवतीवर दिसला, तर एक तर करवत त्यानंतरची आहे किंवा स्क्रू नंतर बदललेला आहे.

मूठही बदललेली असू शकते. मुठीची भोके आणि पात्याची भोके जुळत नसतील, पात्यावर जास्तीची भोके असतील किंवा वेगळ्या आकाराच्या मुठीची सावली पात्यावर उमटलेली असेल, तर मूठ दुसऱ्या करवतीची आहे असे समजावे. बिल्ला मुठीबरोबर येतो. त्यामुळे बदललेल्या मुठीवरचा बिल्ला त्या मुठीचे वय सांगतो, पात्याचे नाही. दात्यांची टोके निळसर-काळी असतील, तर ती विजेच्या साहाय्याने क्षणात तापवून कठीण केलेली असतात. अशा दात्यांना कानस लागत नाही आणि ती करवत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची असते.

भारतात सापडलेल्या करवतीसाठी आणखी कोणत्या खुणा?

पात्यावर किंवा मुठीवर दुकानाची चिठ्ठी, किमतीचा शिक्का किंवा वेष्टनाचा तुकडा उरला असेल, तर तो अजिबात काढू नये. किंमत आण्यांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा अंकी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. आयएसआय चिन्ह असेल तर ते १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचे. बारकोड असेल तर १९७४ नंतरचे, कारण दुकानात बारकोडचा वापर अमेरिकेत त्या वर्षी सुरू झाला. मात्र या खुणांवरून विक्रीचा काळ कळतो. करवत दुकानात काही वर्षे पडून राहिलेली असू शकते. लांबी इंचांत आहे म्हणून करवत जुनी, हे मात्र खरे नाही. हार्डवेअरच्या दुकानात इंच आजही चालतो.

सगळे पुरावे एकत्र कसे जुळवायचे?

नियम एकच आहे. मूळ भागांपैकी जो सर्वात अलीकडचा, तो करवतीच्या वयाची खालची मर्यादा ठरवतो. समजा, एक वक्र पात्याची करवत आहे. पात्यावर ‘हेन्री डिस्टन अँड सन्स’, बिल्ल्यावर ‘डिस्टन यूएसए’, पात्यावर २० लाखांपुढचा अमेरिकी पेटंट क्रमांक आणि तीन स्क्रूंपैकी एक ‘स्टार’.

पात्यावरचे नाव १८७१ ते १९५५ असा मोठा काळ देते. बिल्ला खालची मर्यादा १९१७ वर आणतो. पेटंट क्रमांक ती एप्रिल १९३५ पर्यंत पुढे ढकलतो. तीनपैकी एकच स्क्रू वेगळा आहे, म्हणजे तो बहुधा दुरुस्तीत बदललेला, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही. वरची मर्यादा पोर्टरने कंपनी घेतली ते १९५५. उत्तर : १९३५ ते १९५५ या दरम्यानची करवत. जुने बिल्ले संपेपर्यंत वापरले जात, म्हणून दोन्ही टोकांना थोडी सूट ठेवायची. एखादे नेमके साल सांगणाऱ्या विक्रेत्यापेक्षा असा वीस वर्षांचा पट्टा सांगणारा माणूस अधिक विश्वासार्ह असतो.

यानंतरची पायरी म्हणजे कंपनीचे जुने कॅटलॉग. पात्यावर मॉडेल क्रमांक असेल, तर तो पहिल्यांदा कोणत्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये येतो आणि कधी गायब होतो, हे पाहून पट्टा आणखी अरुंद करता येतो. इंग्रजी करवतींसाठी शेफील्डच्या केलहॅम आयलंड संग्रहालयातील, केन हॉली यांनी जमवलेला अवजारांचा संग्रह आणि सायमन बार्ली यांचा ब्रिटिश करवत उत्पादकांवरील ग्रंथ हे मोठे आधार आहेत.

साफ करताना पुरावा नष्ट का होतो?

आम्लाने कोरलेली अक्षरे केसापेक्षाही उथळ असतात. पॉलिश पेपर, ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश एकदा फिरला की ती कायमची जातात. करवत चकचकीत होते, पण मुकी होते. लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लात बुडवून ठेवणेही तितकेच घातक.

त्याऐवजी आधी फोटो काढावेत. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरावा. तिरप्या उजेडात पुसट अक्षरांच्या कडा दिसू लागतात. पात्याच्या दोन्ही बाजू, मुठीची दोन्ही अंगे, बिल्ला, स्क्रू आणि शेजारी पट्टी ठेवून दाते, असे फोटो घ्यावेत. मग पात्यावर हलके मशीन ऑइल किंवा रॉकेल लावून काही तास ठेवावे आणि मऊ कापडाने पुसावे. मुठीजवळचा मधला भाग, जिथे नाव असण्याची शक्यता सर्वाधिक, तो सर्वात शेवटी आणि सर्वात हलक्या हाताने. चिरेचे जुने नट साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरवू नयेत, ते सहज तुटतात. मुठीला वॉर्निश नको, जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे.

वय ठरवण्याने फरक काय पडतो?

पहिला फरक पैशांचा. छाटणी करवती मोठ्या संख्येने बनल्या, त्यामुळे वय जास्त म्हणजे किंमत जास्त असे समीकरण नाही. स्थापनेच्या सालाला निर्मितीचे साल समजून दिलेले पैसे वाया जातात. दुसरा फरक कायद्याचा. भारतात १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलाकुसरीचे महत्त्व असलेली, किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरातन ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला अशा वस्तूची निर्यात करता येत नाही. एखादी वस्तू या व्याख्येत बसते का, हे पुरातत्त्व विभाग ठरवतो. परदेशी ग्राहकाला ‘दीडशे वर्षे जुनी’ असे सांगून वस्तू पाठवणारा विक्रेता त्यामुळे आपल्याच दाव्याने अडचणीत येऊ शकतो.

तिसरा फरक नोंदीचा. राजवाडे आणि देवळांचे वय ठरवायला शिलालेख असतात, दस्तऐवज असतात. बागेत राबणाऱ्या माणसाच्या अवजाराची नोंद कुणी ठेवलेली नसते. ते कोणत्या कारखान्यातून निघाले, कोणत्या दुकानात विकले गेले, त्याची मूठ कधी बदलली, हे त्या अवजारावरच लिहिलेले असते. म्हणून घरात अशी करवत असेल, तर तिची धार नंतर लावावी. आधी ती वाचावी, फोटो काढावेत आणि जे कळले ते एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवावे.